न बघता दिलेलं उत्तर

कप्तानांच्या घरातून दोन माणसं बाहेर पडायची म्हणजे एक सोहळाच असे. कप्तान बूट घालून, बॅग उचलून जिन्यात उभे राहत आणि तिथूनच आत आवाज देत.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"मागची खिडकी?"

"लावली."

"इस्त्री?"

"आज काढलीच नव्हती हो."

"काढली नव्हती हे उत्तर झालं का? बंद की चालू?"

"बंद. बंद. बंद."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. त्या कठड्यावरून वाकून विचारायच्या, "काय कप्तान, सुटलं का विमान?" कप्तानांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. "सुटतंय," एवढंच म्हणून ते जिना उतरायला लागत. मागून कप्तानांच्या पत्नी कुलूप ओढून बघत, पुन्हा एकदा ओढून बघत आणि पुटपुटत खाली येत.

या बाई रंगाच्या दुकानात शेड जुळवायचं काम करत. कुणी भिंतीचा टवका घेऊन येई, कुणी जुन्या दाराची ढलपी, कुणी नुसतंच सांगे की आमच्या आईच्या खोलीला होता तसा निळा हवाय. बाई त्या टवक्याकडे बघत, तो उजेडात धरत, मग पांढऱ्यात थोडा हा, थोडा तो रंग घालून घोटत आणि झाकणावर बोटभर लावून समोर धरत. गिऱ्हाईक म्हणे, "हाच." आसपासच्या गल्ल्यांत त्यांना सगळे शेडवाल्या बाई म्हणत. कप्तानही पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणूनच आले होते. खोलीच्या दाराला करडा रंग हवा होता. बाईंनी त्या वेळी पोपटी स्वेटर घातलेला होता. त्या म्हणाल्या, "हा करडा घरात लावलात तर पोस्टात राहिल्यासारखं वाटेल." कप्तान म्हणाले, "मला पोस्ट आवडतं." तरी बाईंनी सांगितलेलाच डबा घेऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात ब्रश विसरला म्हणून परत आले. लग्न ठरलं तेव्हा ते त्यांना पोपटी म्हणायला लागले होते. लेक झाल्यावर ते नाव कधी मागे पडलं, दोघांनाही कळलं नाही. पुढे नुसतं "अगं" उरलं, आणि ती प्रश्नांची यादी.

कप्तान कमी बोलत. त्यांची नोकरी एका फरशी कारखान्याच्या मालकांकडे. मालकांचं स्वतःचं छोटं विमान होतं, एका इंजिनाचं, सहा माणसांचं, आणि ते चालवायला कप्तान एकटेच. शेजारी दुसरा वैमानिक नसे. एकट्यानं चालवायचं म्हणजे एकट्यानंच स्वतःला प्रश्न विचारायचे, एकट्यानंच उत्तरं द्यायची, त्यामुळे ती सवय घरापर्यंत आली असणार, असं बाई स्वतःची समजूत घालत. पण आत कुठेतरी ते सलत होतं. इतकी वर्षं संसार केला, एकदाही गॅस चालू राहिला नाही, नळ वाहिला नाही, तरी यांची तपासणी काही संपत नाही. आपल्यावर यांचा विश्वास नाही, दुसरं काय? लेकीजवळ त्या म्हणत, "तुझ्या वडिलांना बायको नको होती, तिकीट तपासणारा हवा होता."

मग त्यांनीही एक युक्ती काढली होती. प्रश्न कानावर पडण्याआधीच उत्तर तोंडात तयार ठेवायचं. केस बांधताना, चप्पल शोधताना, तोंडात टाचणी धरून, जिथे असतील तिथून "बंद" म्हणायचं. सगळं आधीच आवरलेलं असे, त्यामुळे बघायची गरज नसे. उत्तर कधीच चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे त्यांना वाटायचं होतं.

लेकीला मुलगी झाली तेव्हा बाईंनी बारशाची वाट न बघता लाल काठाचं दुलईवजा पांघरूण विणायला घेतलं. लाल लोकर मनासारखी मिळेना. चार दुकानं पालथी घालून त्यांनी ती मिळवली. एका दुकानदारानं कंटाळून विचारलं, "बाई, लाल म्हणजे लालच ना?" बाई म्हणाल्या, "तुम्ही विकता तो लाल. मला हवा तो लाल वेगळा."

लेक दूरच्या शहरात राहत होती आणि मालक त्याच शहरात कामाला गेले होते. वार्षिक दुरुस्तीहून बाहेर पडलेलं विमान कप्तानांनी रिकामंच तिकडे न्यायचं आणि मालकांना घेऊन यायचं, असं ठरलं. मालकांनीच फोनवर सांगितलं, "कप्तान, रिकामं कशाला आणता, वहिनींना घेऊन या. नातीला बघतील." नोकरी लागल्यापासून कप्तानांनी बाईंना कधी विमानात बसवलं नव्हतं. मालकाच्या वस्तूत आपली माणसं बसवायची नसतात, हा त्यांचा नियम. आता मालकांनीच मोडला म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना.

त्या सकाळी निघताना घरातली यादी झाली, आणि विमानात बसल्यावर दुसरी सुरू झाली. विमान दुरुस्तीच्या शेडसमोर उभं होतं. शेडमधला मिस्त्री खिडकीशी येऊन सांगून गेला, "साहेब, केबिन प्रेशरचा इशारा देणारा दिवा नवा घातलाय. पहिल्या फेरीला थोडा उगाच लुकलुकेल, घाबरू नका." कप्तानांनी मान डोलावली. बाई उजव्या हाताच्या खुर्चीत, कानांवर बोलणं ऐकायचं यंत्र चढवून, मांडीवर पांघरुणाचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन बसल्या होत्या. खोका कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. खाली ठेवला तर पायात येत होता, मागे ठेवला तर डोळ्याआड होत होता.

"हे नीट ऐक," कप्तान म्हणाले. "वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते. श्वास घ्यायला पुरत नाही. म्हणून इंजिनाकडून आत हवा भरतात. ती भरणं थांबलं तर हा मास्क."

"कळलं."

"मास्क तुझ्या खुर्चीच्या बाजूच्या कप्प्यात. माझा माझ्या बाजूला. आधी ही लाल दांडी ओढायची, म्हणजे प्राणवायू सुरू होतो, मग मास्क लावायचा. आधी कोणी लावायचा?"

"तुम्ही."

"नाही. ज्याला सुचतंय त्यानं आधी स्वतःला. आधी कोण?"

"आधी मी." बाई हसल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकतेय हं हे, आधी मी."

कप्तान हसले नाहीत. बाईंनी लाल दांडीकडे बघितलं. चांगला लाल होता, दुकानात पहिल्या रांगेत ठेवावा असा. मग त्या पुन्हा खोक्याच्या दोरीशी खेळायला लागल्या, कारण गाठ सुटत होती.

कप्तान यादी वाचत होते, स्वतःच विचारत होते, स्वतःच बोट लावून उत्तर देत होते. एका ठिकाणी थांबले. आत हवा भरायची दोन बटणं उजव्या बाजूला होती, बाईंच्या गुडघ्यासमोर, आणि मधे खोका आला होता. वाकून बघायचं तर पट्टा सोडावा लागला असता.

"तुझ्या गुडघ्यासमोर दोन बटणं आहेत. दोन्ही वर आहेत ना?"

गाठ निसटली होती. बाई दातात दोरी धरून होत्या.

"वर," त्या म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही."

कप्तानांनी यादीवर पुढच्या ओळीला बोट नेलं.

दुरुस्तीच्या माणसांनी जमिनीवर इंजिन चालवून बघताना ती दोन बटणं खाली केली होती आणि खालीच ठेवली होती.

विमान वर चढू लागलं तेव्हा बाईंना भीती वाटली नाही. खालची घरं, रस्ते, एक तळं, सगळं आपल्या रंगाच्या कार्डावरच्या चौकोनांसारखं लहान होत गेलं. कानात खटखट वाजायला लागलं, दडे बसले. विमानात असंच होत असणार, असं त्यांना वाटलं.

"कान?" कप्तानांनी विचारलं. ते त्यांचं नेहमीचंच, घाटातून मोटार नेतानाही विचारायचे.

"ठीक," बाई म्हणाल्या आणि आवंढा गिळला.

थोड्या वेळानं समोरचा एक दिवा लागला. कप्तानांनी त्याच्यावर नखानं टकटक केलं. "हाच तो नवा," ते म्हणाले. मिस्त्रीनं सांगितलंच होतं. दिवा लुकलुकत मात्र नव्हता, स्थिर जळत होता. तेवढा फरक त्या वेळी दोघांनाही मोठा वाटला नाही.

विमान बावीस हजार फुटांवर जाऊन सपाट झालं. विमान आपोआप सरळ नेणाऱ्या यंत्रानं ताबा घेतला. कप्तानांनी सुकाणूवर हात तसाच ठेवला होता. आणि ते हसले.

बाईंनी वळून बघितलं. ते हसत होते, कशालाही नाही, समोरच्या ढगांकडे बघून, नव्या शर्टाची घडी मोडली तसं त्यांचं तोंड सैल झालं होतं. बाईंनाही हसू आलं. किती वर्षांनी बघतेय मी हे, असं त्यांच्या मनात आलं, आणि छातीत कोमट काहीतरी पसरल्यासारखं वाटलं. डोकं हलकं हलकं झालं होतं. तेही सुखाचंच वाटलं.

"पोपटी," कप्तान म्हणाले.

बाईंच्या हातातून दोरी सुटली.

"पोपटी, तुला एक सांगू का. मी गॅस विचारतो ना. नळ विचारतो."

"रोज विचारता."

"मला काय करायचंय गॅसचं? बंद तर असतोच. तू लावतेस ना सगळं नीट. मला माहीत आहे." शब्द थोडे सरपटत होते, एकमेकांना चिकटत होते. "मी जिन्यात एकटा उभा असतो. आणि तू आतून म्हणतेस, बंद. तुझा आवाज येतो. तेवढं ऐकायचं असतं मला. काय म्हणतेस तेही ऐकत नाही मी कधी कधी. नुसता आवाज."

बाई बघतच राहिल्या. जे ऐकलं ते इतकं मोठं होतं की ते कुठे ठेवावं कळेना, मघाच्या खोक्यासारखं. इतक्या वर्षांचा राग कशावर केला आपण? डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नजर वळवली ती लाल दांडीवर गेली.

दांडी विटकरी दिसत होती.

कुणी रंगवली ही, बाईंच्या मनात आलं, किती हलका माल वापरलाय. पैसे घेतात आणि असला रंग फासतात. त्यांना त्याचंही हसू आलं. मग त्यांनी मांडीवरच्या खोक्यात बघितलं. दोरी सुटून झाकण उघडलं होतं. पांघरुणाचा काठ मातकट झाला होता, कोरडा, धुऊन धुऊन विटल्यासारखा. दुकानदारानं फसवलं, त्यांना वाटलं. आणि त्या हसत राहिल्या.

पण चाळीस वर्षं रंग बघितलेला माणूस एका जागी अडतोच. फसवलं ते कुणी, लोकरवाल्यानं की दांडीवाल्यानं? दोन वेगवेगळे लाल एकाच सकाळी कसे विटतील? हा विचार फार सावकाश पुढे सरकत होता, चिखलातून गाडी काढावी तसा, आणि मधेच सोडून द्यावासा वाटत होता. कप्तानांचा हात सुकाणूवर होता. नखं निळसर होती. शाळेच्या शाईचा निळा, थोडं पाणी घातलेला.

तो हात घसरून मांडीवर पडला आणि त्याच क्षणी बाईंच्या कानावरच्या यंत्रात एका बाईचा आवाज घुसला. खालून विमानांना वाट दाखवणारी कंट्रोलवाली होती ती.

"— ऐकू येतंय का? कप्तान, तुमचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं. तुमचं सगळं ऐकू येत होतं आम्हाला, पण आमचं तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. तुमचं बोलणं मला ठीक वाटत नाही. ऑक्सिजन लावा. ऑक्सिजन लावा आणि खाली या."

"हो," बाई म्हणाल्या आणि हात न हलवता बसून राहिल्या.

"ऑक्सिजन लावला का? शेजारी कोण आहे? त्यांनी लावला का?"

"हो हो," बाई पुन्हा म्हणाल्या. त्यांनी कुठलं बटण दाबलं नव्हतं, त्यामुळे ते खाली कुणाला ऐकू गेलं नाही. आणि मास्क कप्प्यातच होता.

मग त्यांनी कप्तानांना विचारलं. का विचारलं, हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. इतकी वर्षं प्रश्न त्यांच्याकडे येत होते, तो एक उलटा गेला.

"अहो, मास्क?"

"लावला," कप्तान म्हणाले.

उघड्या चेहऱ्यानं. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडावर शहाण्या मुलासारखं हसू. "लावला," ते पुन्हा म्हणाले, अगदी चटकन, प्रश्न संपायच्या आधीच.

तो सूर बाईंनी ओळखला. तो त्यांचाच होता. केस बांधताना, चप्पल शोधताना, तोंडात दोरी धरून दिलेला. अंगावर कुणी बर्फाची बादली ओतावी तशा त्या ताठ झाल्या. त्यांनी खोका बाजूला ढकलला आणि वाकून गुडघ्यासमोर बघितलं.

दोन्ही बटणं खाली होती.

वर, म्हटलं होतं आपण. दोन्ही, म्हटलं होतं.

आधी कोण? आधी मी. आधी मी, आधी मी, असं मोठ्यानं म्हणत त्यांनी दांडी ओढली. बोटं लाकडासारखी झाली होती, कप्प्याचं झाकण दोनदा निसटलं. मास्क तोंडावर आला. पहिल्या श्वासाला काहीच झालं नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला झालं आणि मग समोरची दांडी हळूहळू लाल झाली. पांघरुणाचा काठ लाल झाला. जगात पुन्हा कुणीतरी रंग ओतला. आणि त्याबरोबर भीतीही आली, सगळी एकदम, जी इतका वेळ आलीच नव्हती.

कप्तानांचं डोकं खिडकीकडे कललं होतं. बाईंनी त्यांचा मास्क कप्प्यातून ओढून त्यांच्या तोंडाशी नेला. कप्तानांनी तो हातानं दूर केला.

"नको. ठीक आहे मी."

"लावा म्हणते ना."

"लावलाय गं."

बाईंनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. एका हातानं त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मास्क तोंडावर दाबला, खांद्याचं सगळं वजन टाकून. कप्तान मान हलवत होते. मग हलवेनासे झाले. तो एवढासा वेळ बाईंना कधीच विसरता आला नाही. हे असेच बसून राहणार, आणि विमान आपलं सरळ जात राहणार, लेकीच्या शहरावरून, त्याच्याही पुढे, तेल संपेपर्यंत. आणि लेक खाली बाळाला घेऊन वर बघत उभी असणार.

मग कप्तानांच्या कपाळावर आठी पडली.

नेहमीची आठी, भुवयांच्या मधली, जिला बाई मनातल्या मनात शिव्या घालत आल्या होत्या. ती हळूहळू खोल झाली. डोळे उघडले. ते समोरच्या काट्यांवरून फिरले, एकदा, दोनदा. हात सुकाणूवर गेला.

"बटणं?" मास्कच्या आतून आवाज आला, कोरडा, घरातला.

बाईंनी वाकून बघितलं. बोट लावलं. "खाली. दोन्ही खाली आहेत."

"वर कर."

"केली."

"बघून सांगतेस?"

"बोट ठेवून सांगतेय. दोन्हींवर."

विमानाचं नाक खाली झुकलं. कप्तान खालच्या बाईशी मोजकं बोलत होते, दहा हजारावर येतोय, प्रवासी एक, ऑक्सिजन सुरू. बाईंचं बोट बटणांवरच होतं. मास्क काढायला सांगितलं तरी त्यांनी ते उचललं नाही. विमान लेकीच्या शहरात जमिनीला टेकलं तेव्हा त्यांना कळलं की बोटाला ठसा पडलाय.

विमानतळावरच्या प्रथमोपचाराच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक पाण्याचं पिंप आणि भिंतीला असा हिरवा रंग, की एरवी बाईंनी नाक मुरडलं असतं. डॉक्टर आले, नाडी बघून, डोळ्यांत उजेड टाकून गेले. दोघांनाही काही झालेलं नाही, म्हणाले; फार थोडक्यात वाचलात. कप्तानांच्या बोटाला आकडा दाखवणारा चिमटा लावून ठेवला. नर्स पाण्याचा पेला देऊन गेली.

बाईंनी पेला तसाच खाली ठेवला.

"मी न बघता म्हटलं," बाई म्हणाल्या. "वर म्हटलं. दोरी बांधत होते. बघितलंच नव्हतं."

कप्तान छताकडे बघत होते. "मीही न बघता पुढे गेलो. दिवाही लागला होता. त्याला नवा म्हणून सोडला." थोडं थांबून म्हणाले, "तसंच लिहून देणार आहे. तुझं नाव त्यात येणार नाही. विमान माझ्या हातात होतं."

"माझं नाव का नाही?"

"प्रवाशाला विचारायचं नसतं. बघायचं असतं. मी विचारलं."

बाईंना त्याचं काय करावं कळेना. रडावं असंही वाटेना. कानात एकच शब्द वाजत होता, वर.

"तुम्हाला काय आठवतं?" त्यांनी विचारलं.

"दिव्यावर टकटक केली. मग तू माझ्या तोंडावर मास्क दाबत होतीस. नाक मोडलं असतंस."

"मधलं?"

"मधलं काही नाही. का?"

मधलंच तर सगळं होतं. म्हणजे ते आता फक्त आपल्याजवळ आहे, आणि हवा नसलेल्या डोक्यातून आलेलं. डॉक्टर आत्ताच म्हणाले होते, प्राणवायू कमी पडला की माणूस दारू प्यायल्यासारखा होतो, काहीही बरळतो. काहीही. वाचण्याच्या धक्क्याहून हा धक्का त्यांना जड गेला. इतक्या वर्षांनी जे कानावर पडलं, ते कुणी म्हटलंच नव्हतं म्हणायचं?

दार वाजलं. कानावरचं यंत्र गळ्यात अडकवलेली एक तरुण बाई आत आली. ड्युटी संपवून थेट आली होती. आवाजावरून बाईंनी लगेच ओळखलं.

"कप्तान, बरे आहात?" आणि मग बाईंकडे वळून, "तुम्हीच पोपटी ना?"

कप्तान उठून बसले. चिमटा ताणला गेला. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. तुमचा अंगठा बटणावर होता. सगळ्यांनी ऐकलं. आसपास दोन मोठी विमानं होती, त्यांनीही ऐकलं. गॅस, नळ, जिना, सगळं." ती हसायला गेली पण ओठ कापले. "खरं सांगू, मी आधी समजले काका जरा प्रेमात आलेत. मग शब्द घसरायला लागले. अंगावर काटा आला माझ्या. ओरडत होते मी आणि तुम्हाला ऐकू जात नव्हतं. वरून एका कप्तानानं निरोप दिलाय, पोपटी उतरली का, कळवा."

"कळवा," बाई म्हणाल्या. "उतरली."

ती मुलगी गेली. कप्तानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाईंनी तो रंग नीट बघून घेतला. मालकांचं विमान, तपासणीचा अहवाल, नोकरी, यातल्या कशानंही हा माणूस इतका हादरलेला दिसला नव्हता.

"काय काय म्हणालो मी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. शब्दन् शब्द, एकही इकडचा तिकडे न करता. जिन्यात एकटं उभं राहणं, आतून येणारा आवाज, तेवढंच ऐकायचं असतं, हे सगळं. सांगताना त्या खाटेच्या चादरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, हवा कमी पडली की माणूस काहीही बोलतो."

खिडकीबाहेर एक ट्रॅक्टर सामानाच्या गाड्या ओढत गेला. कप्तानांनी बोटाचा चिमटा वर करून बाईंपुढे धरला.

"किती दाखवतंय?"

बाई उठल्या. जवळ गेल्या, चष्मा सारखा करून वाकल्या. "अठ्ठ्याण्णव."

"यंत्र चालतंय ना नीट?"

एरवी त्यांनी जागेवरूनच "हो" म्हटलं असतं. त्यांनी चिमटा कप्तानांच्या बोटावरून काढला, स्वतःच्या बोटाला लावला, आकडा हलून स्थिर होईपर्यंत थांबल्या. मग परत त्यांच्या बोटाला लावला आणि पुन्हा थांबल्या.

"चालतंय."

"मग तेच," कप्तान म्हणाले. "जे वर म्हटलं ते. आत्ताही तेच."

बाई त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या. पांघरुणाचा खोका त्यांनी मांडीवर घेतला. बाहेर लेकीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी विचारत होती की आई-बाबा कुठल्या खोलीत आहेत. दोघंही दाराकडे बघत राहिले.

"चष्मा?" कप्तानांनी हळूच विचारलं.

बाईंनी डोळ्यांवर हात लावून बघितला, आणि मग उत्तर दिलं.